सीटखालची स्प्रिंग

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. मालाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर उभी हयात गेली म्हणून लोक तसं म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव अंगाला चिकटूनच राहिलं. ट्रक लांबून येताना टायर किती दबलेत एवढं बघून आत किती माल आहे ते सांगायचे. ड्रायव्हरांनी गोड बोलून पाहिलं, चहा पाजून पाहिला, डोळे वटारून पाहिले, पण काट्यावर येईल तेच कागदावर जायचं. त्याची त्यांना घमेंड होती. घमेंडच म्हणायला हवी, कारण घरी आणलेली भाजीसुद्धा हातावर तोलून ‘हे अर्धा किलो नाहीये’ असं ते बायकोला ऐकवायचे, जणू तिनेच वाटेत खाल्ली.

निवृत्तीनंतर त्यांनी वस्तीबाहेर जागा घेतली. घर बेताचं, पण मागे जमीन ही एवढी. चढ काय, उतार काय, तोडलेल्या झाडांचे बुंधे, मधेच खड्डे, आणि पार खाली ओढ्यापर्यंत गवतच गवत. खांद्याला पट्टा अडकवून, कापायचं यंत्र हातात धरून ते सगळं स्वतः कापायचे. माणूस लावा म्हटलं की तोंड वाकडं. ‘तो कसाही कापेल’ हे ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षापासून मात्र ते यंत्र त्यांना उचलवेना. चार हात कापलं की धाप लागायची. जेवण दोन घासांवर आलं, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, “आता त्रास कमी ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे.” काटेवाल्यांनी ठरवून टाकलं की हा डॉक्टर मुळात रडका आहे. तिथल्या काट्यावर उभं राहायला सांगितलं तर म्हणाले, “हा काटा तपासून घेतलाय का कधी?” आणि उभे राहिलेच नाहीत. घरातला छोटा काटा कमी दाखवतो म्हणून त्यांनी तो आधीच भंगारात दिला होता. बायकोने तो देताना पाहिला होता. ती काही बोलली नाही.

बोलली ती मुलगी. “बाबा, गवत छातीपर्यंत आलंय. वाळलं की एक ठिणगी पुरे, घरासकट जाईल सगळं. विका ती जागा आणि माझ्याकडे या.”

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथे जायचं म्हणजे भिंतीकडे तोंड करून दिवस मोजायचे, हे काटेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. मरायचंच असलं तर ते त्यांना आपल्या दारात मरायचं होतं. त्यांनी मुलीला शब्द दिला, “गवत मी कापलं तर आम्ही इथेच राहणार. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे येतो.” बायकोला काय हवंय ते दोघांनीही विचारलं नाही.

मग बसून चालवायचं, गवत कापायचं मशीन निवडायला सुरुवात झाली. त्यात त्यांनी दुकानदाराचा पार जीव खाल्ला. त्याने आधी रुंद पात्याचं मशीन दाखवलं.

“दोन-चार फेऱ्यांत मैदान साफ, काका.”

“मैदान असलं तर ना? माझी जमीन म्हणजे चुरगळलेली चादर आहे. हे उंचवट्यांची टाळकी सोलेल आणि खड्ड्यातलं गवत तसंच ठेवेल.”

मग त्याने दोन दांड्यांनी जागच्या जागी वळणारं दाखवलं. ते उतारावर घसरेल म्हणून बाद झालं. सगळ्यांत मोठं होतं ते उंच, वरच्या अंगाला जड, कलंडायची भीती. शेवटी पसंत पडलं ते बुटकं, जमिनीलगत बसणारं, अरुंद पात्याचं, मागचे टायर रुंद आणि साधं गोल स्टिअरिंग. अगदी योग्य निवड. त्या जमिनीला याहून चांगलं मशीन शोधून सापडलं नसतं.

काटेवाले ऐटीत वर बसले. दुकानदाराने पाना घेतला. “तुमचं वजन सांगा, काका. सीटखालची स्प्रिंग त्याप्रमाणे आवळतो.”

“ऐंशी,” काटेवाले म्हणाले.

इतकी वर्षं ते तेवढेच होते, म्हणून तोंडातून तेच आलं. दुकानदाराने त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. त्यात अजून एक माणूस मावला असता. मग बायकोकडे पाहिलं. तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार, त्याने स्प्रिंग ऐंशीला लावली. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर मशीन छान चाललं.

घरी मशीन आलं त्या सकाळी काटेवाल्यांनी जुनी टोपी चढवली. बायको मागच्या पायरीवर बसली. मशीन सुरू झालं, गवत आडवं पडू लागलं, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला. पहिल्या उंचवट्यावर सीट जराशी उडाली आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. बुंध्याजवळ हादरा बसला, पुन्हा बंद. ओढा राहिला लांबच, अर्ध्या उतारापर्यंतही पोचणं होईना.

“खराब माल गळ्यात मारला!” म्हणत त्यांनी दुकानात फोन लावला आणि दुकानदाराचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. चांगला गरगरीत होता, शर्टाची बटणं जीव मुठीत धरून होती. तो मशीनवर बसला, धडधडत ओढ्यापर्यंत गेला, उंचवट्यांवरून, खड्ड्यांतून, आणि परत आला. इंजिन एकदाही थांबलं नाही.

“मशीन ठणठणीत आहे, काका. सीटखाली स्विच असतो. माणूस सीटवरून उठला किंवा पडला तर इंजिन आणि पातं थांबतं, नाहीतर पाय जायचा.” त्याने सीट उलटली. “पण ही तर ऐंशीला लावलीय. हलका माणूस जरा उडाला की स्विच सुटणारच. कोण ऐंशीचं?”

काटेवाल्यांनी टोपी पुढे ओढली. मेकॅनिकने काय ते ओळखलं आणि मुकाट्याने स्प्रिंग सैल केली, करता येईल तेवढी. काटेवाले पुन्हा बसले. पहिला उंचवटा पार झाला, दुसराही. तिसऱ्यावर इंजिन थांबलं.

“याच्याखाली नाही जात, काका.”

“मग स्विच काढून टाक.”

“नाही काढणार. पडलात तर पातं थांबणार नाही.”

“पडलो तर पडलो. तुला काय करायचंय?”

मेकॅनिकने बायकोकडे पाहिलं, पाने पिशवीत भरले आणि निघून गेला.

काटेवाले बंद मशीनवर तसेच बसून राहिले. मग सवयीने त्यांची नजर खाली, मागच्या टायरकडे गेली. मातीवर टायर जरासुद्धा दबलेला नव्हता. असा टायर त्यांनी हजारदा पाहिला होता आणि काट्याकडे न बघताच सांगितलं होतं, गाडी रिकामी. ते घाबरले. डॉक्टरांसमोर घाबरले नव्हते इतके घाबरले. आपण यातून उठणार नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

बायको गवतातून चालत आली. “उतरा.”

“कशाला?”

“उतरा म्हणते ना. त्या दिवशी ऐंशी म्हणालात तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणताय तर असेल. खोटं कशाला बोलू, तसं वाटलं नव्हतंच. असावं असं वाटलं होतं.”

ते उतरले. तिने जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. साडी खोचून ती वर चढली, तर पाय खालपर्यंत पोचेनात. त्यांनी वाकून सीटची कडी ओढली आणि सीट पुढे सरकवली. मशीन सुरू झालं. ती वेडीवाकडी गेली, एका झुडपात घुसली, बाहेर आली. इंजिन थांबलं नाही.

“आडवं नको!” ते मागून ओरडले. “उतारावर सरळ खाली आणि सरळ वर! आडवं गेलीस तर उलटशील!”

एवढं ओरडल्यावर त्यांना उभं राहवेना. ते पायरीवर जाऊन बसले. तिने दोन पट्टे कापले आणि मशीन दारापाशी आणून थांबवलं. मागे बाकीचं सगळं गवत होतं तसंच उभं होतं.

“मी कापलं तर, असं म्हणालो होतो,” ते म्हणाले. “आता पोरीला काय सांगू?”

“माहीत नाही.”

“शिकून घे नीट. सोपं आहे.”

“आणि शिकून काय करू?” ती एकदम चिडून म्हणाली. “एकटीने राहू इथे?”

दोघांपैकी कोणीही हे आजवर उच्चारलं नव्हतं. ती खाली उतरली, आणि नवऱ्याचे पाय लांब म्हणून, इतकी वर्षं त्यांची सोय बघायच्या सवयीने, सीट मागे घ्यायला कडी ओढू लागली. ते उठून आले आणि त्यांनी तिचा हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “पुढेच राहू दे.”

तिने कडी सोडली आणि पहिल्यांदाच त्यांच्यादेखत रडली.