कळसला सापडलेला आमचा चांदीचा हात

बारामतीपुढच्या कळस गावाला गेले ती हौसेनं नव्हे, रागानं. एका रीलमध्ये कुणी ताई 'ज्यू लोकांचे शाही चमचे' दाखवत होत्या, आणि त्यातला एक चमचा आमच्या पुण्यातल्या बेने इस्राएल घरातला होता. चमचा कसला, कपाळ! तोरा या आमच्या धर्मग्रंथाच्या पवित्र अक्षरांना बोट लावायचं नसतं, म्हणून ओळीवर फिरवायची चांदीची काडी ती. टोकाला चिमुकला हात, तर्जनी पुढे, बाकीची बोटं मिटलेली. घडवणाऱ्या कोकणातल्या सोनारानं आपल्या मनानं मनगटात तीन बांगड्याही भरल्या होत्या. हात मखमलीत खुपसलेला होता, पण बांगड्यांवरून मी काडी ओळखली.

थोरला मामा इस्राएलला जाताना ती जुन्या बाजारात विकून गेला. धाकट्या रूबेनमामाला आता जेमतेम दिसतं. "एकदा बाबांच्या काडीनं वाचू दे, मग डोळे गेले तरी चालतील," हे त्याचं पालुपद. म्हणून हा खटाटोप.

स्वारगेटहून बारामतीला एसटी आहे. रस्ता चांगला आहे, आणि ऊस आहे. मग पुन्हा ऊस आहे. ज्यांना यात हिरवा समुद्र वगैरे दिसतो त्यांनी खुशाल खिडकीची जागा घ्यावी. स्टँडबाहेर गार वडा खाल्ला आणि वडापच्या जीपनं पुढं निघाले. शेजारच्या बाई लोणी देवकरला कंपनीत कामाला.

"चांदी बघाया येवढ्या लांब? तुमच्या घरात न्हाय व्हय?"

"होती," म्हटलं.

रीलमधल्या त्या कळसच्या 'हेरिटेज फार्म'चं तिकीट शंभर रुपये, त्यातच उसाचा रस. रस उत्तम होता, पुढचं सगळं भयंकर. जांभळ्या भिंती, त्यावर झगमग दिवे, आणि जुनी चांदी मशिनवर अशी घासलेली की परवाच्या लग्नातला आहेर वाटावा. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, सरताना लवंग-वेलची हुंगायची मनोऱ्यासारखी डबी असते. केसासारखी बारीक तार वळून केलेलं तिचं जाळीकाम बघत राहावं असं. तिच्यात यांनी उदबत्त्या खोचल्या होत्या! मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणायच्या पेल्यात प्लास्टिकचा गुलाब. धन्य ती रसिकता.

मालक तात्या, साठीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, स्वतः हजर. मी काडी मागितली. त्यांनी ती मखमलीतून उपसली. पाचही बोटं सरळ, ताठ उघडी!

"मोडकाच हात मिळाला हुता बघा," तात्या कौतुकानं म्हणाले. "येकच बोट शिल्लक. बाकीची झडल्याली. बारामतीच्या सोनाराकडनं कानशीनं घासून घेतलं आन् चार नवी झाळून बसवली. शुद्ध चांदी हाय."

"झडलेली नव्हती हो! मिटलेली होती! ती काडी ओळ दाखवते!"

"अवो ताई, असं कुणाला बोट दाखवणं बरं दिसतंय का? आता कसा, आशीर्वादाचा हात झाला."

मी तोंडाला येईल ते बोलले. माणूस शांत. रूबेनमामाचं सांगितलं तेव्हा मात्र काडी सरळ माझ्या हातात दिली. "म्हाताऱ्या माणसाची वस्तू हाय, न्या. दुरुस्तीचं तेवढं द्या."

म्हणजे वाट लावली यांनी, बिल मी भरायचं. भरलं. परतीच्या एसटीत काडीची पिशवी मांडीवर घेऊन मी चक्क रडले. मिटलेली जुनी बोटं कायमची गेली होती, आणि मामाला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

घरी आल्यावर मामानं काडी हातात घेतली. तीन बांगड्या मोजल्या, हसला. मग पंजा चाचपला आणि थबकला. मी तात्यांचा उद्धार करत सगळी कहाणी सांगितली.

"शुद्ध चांदी म्हणाला ना तो?" मामानं विचारलं.

"म्हणाला. त्याचं काय घेऊन बसलास!"

मामानं अंगठ्यानं करंगळी दाबली. शुद्ध चांदी मऊच, ती वाकली. मग शेजारचं बोट, मग मधलं, मग चांदीचा अंगठा. मूठ वेडीवाकडीच झाली, पण तर्जनी तेवढी पुढे राहिली. मामानं पुस्तक ओढलं, डोळ्यांजवळ नेलं, काडी पहिल्या ओळीवर टेकवली आणि म्हणाला, "आता जरा गप्प बस, मला वाचू दे."