लाल दोऱ्याच्या पुढे

शांतक्का बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या की पाळण्याकडे बघत नसत. आधी बाळंतिणीच्या पायांना हात लावत, मग कपाळाला, मग विचारत, "लघवीला जळजळ होते का? वास येतो का कशाला?" घरातल्या माणसांना हे आवडत नसे. नवं बाळ असताना पहिलं कौतुक त्याचं व्हावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. शांतक्का म्हणत, "त्याला बघायला गल्ली आहे."

म्हैसूरच्या जुन्या मराठी रंगारी घराण्यातल्या त्या. कापड रंगवण्याचं काम त्यांच्या सासऱ्यांबरोबर संपलं. शांतक्का तीसेक वर्षं बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालत होत्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. तोपर्यंत जयलक्ष्मीपुरममधल्या आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक मराठी घरांत त्यांचा हात फिरलेला होता.

मला सातवा लागला तेव्हा सासूबाईंनी त्यांना बोलावलं. माझं माहेर कोल्हापूरचं. पहिलं बाळंतपण तिथे व्हायचं, पण आई दोन वर्षांपूर्वीच वारली होती. मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात काम करत होते आणि तयारीही त्याच शिस्तीने केली होती. कपाटात झबली, दुपटी, लंगोट, टोपरी, सगळं धुऊन, घड्या घालून. मी अभिमानाने दार उघडून दाखवलं.

"अयो, हे सगळं त्याचं," शांतक्का म्हणाल्या. "तुझं कुठं आहे, मगळे?" कन्नडात लेकीला मारतात ती हाक त्या प्रत्येक बाळंतिणीला मारत.

माझं काहीच नव्हतं.

त्यांनी पोटाला बांधायला जुनी, मऊ सुती लुगडी मागितली. माझ्याजवळ आईच्या दोनच सुती साड्या होत्या, ठेवणीतल्या. मी त्या देईना. शांतक्कांनी त्यातली एक उचलून तिचा पोत चाचपला. मग म्हणाल्या, "ती असती तर तिनं स्वतःच फाडून दिली असती." त्यांनी काठाला दातांनी चीर दिली आणि एका ओढीत साडी उभी फाडली.

नंतर याद्या सुरू झाल्या. पलंगाशी झाकणाचा तांब्या, कारण बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत त्या पाळत नसत. गल्लीतल्या रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. शेवटी पिशवीतून त्यांनी एक काचेचं थर्मामीटर काढलं. त्यावर शंभराच्या खुणेशी लाल दोरा घट्ट बांधलेला होता. शांतक्कांना आकडे वाचता येत नव्हते. "पारा दोऱ्याच्या पुढं गेला की आंघोळ नाही. रिक्षा," त्या म्हणाल्या.

सासूबाई हसल्या. "अक्का, न्हाऊ घालायला येतेस का डॉक्टरीण झालीस?"

"डॉक्टरीण झाले असते तर तुझ्या घरी आले असते का, सुशीला?"

मुलगी झाली. टाके पडले. तिसऱ्या दिवशी घरी आले. दुधाच्या वेळा मी वहीत लिहीत होते. पाचव्या दिवशी दुपारनंतर त्या वहीत नोंद नाही. अंग कापत होतं, ओटीपोट हात लावू देत नव्हतं. मुलगी रडायची आणि तो आवाज मला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा. शांतक्का त्या दिवशी सकाळी येऊन गेल्या होत्या, तेव्हा ताप नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचा ताप आहे. आम्हा सगळ्यांना आला. उद्या न्हालीस की उतरेल." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तेच माहीत होतं. मी भिंतीवरचा नंबर वाचत पडून होते. फोन हाताशी होता आणि तो उचलावा असं मला वाटलं नाही. हे मला आजही नीट सांगता येत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी शांतक्का आल्या. पायांना हात लावला, कपाळाला लावला, आणि काही न विचारता थर्मामीटर माझ्या काखेत ठेवलं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. पारा दोऱ्याच्या बराच पुढे होता.

"आज आंघोळ बेड," त्या म्हणाल्या. नको म्हणताना त्या नेहमी कन्नडात जात.

"पाणी तापलंय, अक्का," सासूबाई म्हणाल्या. "सहाव्या दिवसाचं न्हाणं कुणी चुकवतं का?"

शांतक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस बंद करून आल्या.

नवरा कडकोळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता. तिथे फोन बाहेर ठेवावे लागतात. भिंतीवरच्या नंबराची रिक्षा आली. सासूबाईंच्या मांडीवर मुलगी, मध्ये मी, माझं डोकं शांतक्कांच्या खांद्यावर. मी त्यांना म्हणाले, "मला काही नको आता. हिला तुम्ही घेऊन जा."

"नेणार नाही," त्या म्हणाल्या. "एक नात आहे घरी, लेकीची, आईविना वाढवलेली. आणखी एक वाढवायचा जीव नाही माझ्यात. तू वाढव."

सासूबाईंनी मुलीला पदराखाली घेतलं.

गर्भाशयात जंतुसंसर्ग होता. कालच का आणलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पाच दिवस सलाइनवर होते.

शांतक्का रोज दवाखान्यात येत. पाळण्याकडे न बघता माझ्या पायांना हात लावत. घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून मगच त्यांनी मला न्हाऊ घातलं, आईच्या साडीची पट्टी पोटाला बांधली. चाळिसाव्या दिवशी निघताना त्यांनी पहिल्यांदा मुलीला उचललं. बराच वेळ धरून बसल्या.

तेव्हा मी विचारलं. वृत्तपत्रात राहून जडलेली सवय, नको तिथे प्रश्न विचारायची.

"अक्का, तुमच्या मुलीच्या वेळी घरात थर्मामीटर नव्हतं?"

"होतं की. हेच," त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या दुपट्याची घडी नीट केली. "कपाटात होतं. पण पाणी तापलं होतं, मगळे."