तळघरातला खडक

घर दाखवायला आलेला दलाल तळघराच्या जिन्यापाशी थबकला आणि ओशाळून म्हणाला, "खाली जरा अडचण आहे. म्हणजे, दगड आहे."

अमेरिकेतल्या मोठ्या सरोवराकाठचं डलूथ गावच डोंगराच्या उतारावर वसलेलं. कुणाच्या परसात, कुणाच्या गॅरेजमागे खडक डोकं वर काढतोच. पण या घराचं अर्धं तळघर खडकानेच अडवलं होतं. बांधणाऱ्याने सुरुंग लावून लावून शेवटी नाद सोडला असावा. बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा तो काळा दगड भिंतीखालून आत आला होता आणि उरलेल्या अर्ध्यात लाकडी फळ्यांची जमीन होती.

घर बघायला आलेला आर्वो, आडनाव हाउताला, खाली उतरला. त्याने खडकावर बूट आपटून पाहिला. मग गुडघे टेकून त्याला कान लावला.

"लेम्पी," तो खालून ओरडला, "घर मिळालं!"

लेम्पी तेव्हा वर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. रस्त्यापर्यंत उतरत जाणाऱ्या उभ्या लाकडी पायऱ्या ती बघत होती. तिच्या मनात चर्चजवळचं, सपाटीवरचं एक घर भरलं होतं. त्याच्या खिडकीतून घंटेचा मनोरा दिसायचा. पण नवऱ्याच्या हाकेत जो आनंद होता तो तिने लग्नात ऐकला होता, त्यानंतर फारसा नाही. तिने त्या घराचं नाव काढलं नाही. तेव्हा तिचे गुडघे धड होते.

आर्वो जहाजांत लोहखनिज भरायच्या धक्क्यावर कामाला होता. दिवसभर कानाशी खडखडाट, आणि घरी आला की रेकॉर्डी. रेकॉर्डच्या खाचेत फिरणाऱ्या सुईला बारीकशीसुद्धा थरथर चालत नाही, हे लेम्पीला संसाराच्या पहिल्याच वर्षी कळलं. भाड्याच्या घरात ती कणीक मळायला लागली की सुई उडायची. मग आर्वोने टर्नटेबलखाली, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राखाली, टेनिसचे चेंडू अर्धे कापून ठेवले. नंतर सायकलची फुगवलेली ट्यूब आली. मग वाळूची पेटी. तीत मांजराने आपली सोय करून घेतली. शेवटी थडगी घडवणाऱ्या कारागिराकडून ग्रॅनाइटची एक लादी आणली. लादीच्या एका कोपऱ्यात कुण्या ओल्सनचं अर्धं नाव कोरलेलं होतं, म्हणून ती स्वस्तात मिळाली. आणि एवढं करून लेम्पी चालली की ओल्सनसकट सगळं हलायचंच.

खडक मिळाल्यावर चेंडू, ट्यूब, वाळू सगळं गेलं. खडकाचा माथा तासून सपाट केला आणि त्यावर टर्नटेबल बसवलं. चकतीच एवढी जड, की दोघांनी उचलावी. त्या यंत्राच्या पैशात एक बरी जुनी मोटार आली असती. पण आर्वो पीत नव्हता, जुगार खेळत नव्हता, रविवारी मुकाट्याने चर्चला येत होता. लेम्पीने देवाचे आभार मानले आणि पाव भाजायला घेतला.

वर्षं गेली. गुडघे गेले.

आता नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास पहिला बर्फ पडला की लेम्पी घरात बंद व्हायची ती वसंतातच बाहेर यायची. आर्वो पायऱ्यांवर मीठ टाकायचा, बर्फ फोडायचा; पण सरोवरावरून वारा आला की तासाभरात पुन्हा काच तयार. मागच्या हिवाळ्यात ती मधल्या पायरीवर घसरली आणि कठड्याला लोंबकळत राहिली. वरच्या मजल्यावर बाथरूम, तळघरात कपडे धुण्याचं मशीन, आणि मध्ये ती. मशीनसुद्धा आर्वोचं ऐकणं संपल्यावरच लावायचं. चर्चच्या गायनवृंदातली तिची जागा दुसऱ्या बाईला दिली होती. चर्चचे पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षरस घरी आणून द्यायचे, औषधाच्या दुकानातून मुलगा औषध आणून देतो तसं. लेम्पी त्यांना कॉफी द्यायची आणि ते गेले की खिडकीत बसायची. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे रूळ, रुळांपलीकडे गोठलेलं पाणी. सगळं दिसायचं. जाता कुठेच यायचं नाही.

आणि नेमक्या फेब्रुवारीत मर्नाचा फोन आला. चर्चने म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीचं सगळं मर्ना बघते.

"तळमजल्याची जागा रिकामी झालीय, लेम्पी. दोन खोल्या. दारातून निघालीस की आतल्या आतच चर्चमध्ये पोचतेस, अंगावर कोटसुद्धा नको. पण मला शनिवारपर्यंत सांग. नाहीतर लिंडस्ट्रम मंडळी टपूनच बसलीयेत."

लेम्पीने जेवताना विषय काढला. आर्वोने बटाटा मोडला.

"लाकडी जमीन आहे तिथली."

"असू दे ना."

"वर कुणी म्हातारा बाथरूमला गेला तरी माझ्या सुईला कळेल."

"आर्वो, मी नोव्हेंबरपासून रस्त्यावर पाय ठेवलेला नाही."

"वसंत येतोच आहे आता," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की वसंत आला की झालं.

त्या आठवड्यात लेम्पीने रोज प्रार्थना केली. काय मागावं ते मात्र कळेना. नवऱ्याचं मन वळू दे म्हणावं, तर इतक्या वर्षांत ते वळलं नव्हतं.

शुक्रवारी आर्वोचा दोस्त स्टॅन झुपान आला आणि गोष्ट भलतीकडेच गेली. स्टॅन धक्क्यावरचा इलेक्ट्रिशियन. त्याचाही तोच नाद, पण पंथ दुसरा. त्याचं टर्नटेबल आतल्या आत स्प्रिंगांवर लटकवलेलं. बोटाने टिचकी मारली की पाळण्यासारखं झुलायचं. दोघांचं वीस हिवाळे एकच भांडण, घट्ट रोवलेलं चांगलं की तरंगतं चांगलं. लेम्पीने कॉफी ओतता ओतता त्या जागेचं सांगितलं. स्टॅनने टेबलावर थाप मारली.

"मग अडलंय कुठे? माझ्यासारखं घे, जा लाकडी जमिनीवर राहायला. वर हत्ती नाचवा! काही कळत नाही त्याला."

"मला कळेल," आर्वो म्हणाला.

"तुला कप्पाळ कळेल!"

"डोळे मिटून सांगेन."

"सांग की! उद्या माझं यंत्र आणतो. पडद्यामागे दोन्ही लावू. एकदा जरी चुकलास ना, तर तुझा तो दगड सोडायचा आणि बायकोला घेऊन खाली सपाटीवर जायचं. आहे कबूल?"

"कबूल. आणि नाही चुकलो, तर या घरात हा विषय पुन्हा नाही."

दोघांनी हात मिळवले. लेम्पी किटली घेऊन तशीच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या वेळी त्यात काही गैर वाटलं नाही. एक दार किलकिलं झालं होतं, तेवढंच तिला दिसलं. रात्री ती प्रार्थनेला बसली आणि ओठांवर आलेले शब्द ऐकून दचकली. नवऱ्याचे कान उद्या चुकू देत, असं देवाकडे मागायचं तरी कसं? तिने नुसतंच आमेन म्हटलं आणि दिवा मालवला.

शनिवारी दुपारी स्टॅनने आपलं यंत्र बाळ आणावं तसं ब्लँकेटात गुंडाळून आणलं. बरोबर औषधविक्या हॅल्वर होता, पंच म्हणून. चेलोची, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, जी रेकॉर्ड दोघांकडेही होती तिच्या दोन्ही प्रती काढल्या. दोन्ही यंत्रांना सारखीच सुई. हॅल्वरने कसलंसं उपकरण लावून आवाज तोलून दिला. खडकावर आर्वोचं यंत्र, फळ्यांवर टेबल मांडून त्यावर स्टॅनचं, आणि समोर दोरीला लोकरी पांघरूण टांगलेलं. पांघरुणाबाहेर आर्वो पाठ करून खुर्चीत. हॅल्वरने बर्फातले बूट चढवून फळ्यांवर येरझाऱ्या घालायच्या, म्हणजे इमारतीतले शेजारी.

"पडद्यामागे कोण बसणार?" हॅल्वरने विचारलं.

"लेम्पी," दोघे एकदम म्हणाले. स्टॅन पुढे म्हणाला, "ही काही खोटं बोलायची नाही. पाळक बोलतील, ही नाही."

अशी ती तळघराचा जिना एकेक पायरी धरत उतरली आणि पांघरुणामागे स्टुलावर बसली. नाणं उडवायचं, पडेल त्या यंत्राची सुई टेकवायची, उचलायची, दोन्ही चकत्या थांबवायच्या आणि मग आर्वोचं बरोबर की चूक ते सांगायचं.

पहिल्या खेपेला आर्वो म्हणाला, "स्टॅनचं."

"बरोबर," लेम्पी पडद्यामागून म्हणाली.

"नशीब!" स्टॅन म्हणाला. "हॅल्वर, जरा जोरात आपट बूट. औषधं विकून विकून अंगातलं त्राणच गेलं वाटतं."

"मी नाचायला आलेलो नाही," हॅल्वर धापा टाकत म्हणाला.

पुन्हा स्टॅनचं, पुन्हा बरोबर. मग आर्वोचं, तेही बरोबर. लेम्पीला स्वतःला दोन्हींत काडीचा फरक कळत नव्हता. दोन्हीकडून तोच चेलो, तेच दुःख. स्टॅनने ठरवलं, आता हे शेवटचं.

नाणं पडलं. तिने खडकावरच्या यंत्राची सुई टेकवली. या वेळी आर्वो बराच वेळ गप्प होता. इतका वेळ, की स्टॅनची खुर्ची आनंदाने करकरायला लागली. लेम्पीने डोळे मिटले. तिला मर्नाची ती जागा दिसली, आतल्या आत चर्चकडे जाणारी वाट दिसली.

मग आर्वो म्हणाला, "हे माझं."

तिने सुई उचलली. दोन्ही चकत्या थांबवल्या. आता कुणालाच काही कळण्याचा मार्ग नव्हता. 'नाही' एवढं म्हटलं की झालं. तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती, नेमकं म्हणून तर तिला इथे बसवलं होतं. आयुष्यभर ती खरं बोलली. ते सगळं खरं साठून साठून आज तिच्याभोवती भिंतीसारखं उभं राहिलं होतं.

"लेम्पी?" हॅल्वरने विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली.

स्टॅनने टोपी आपटली. "कसं ओळखलंस रे? आता तर तोंड बंद झालं होतं तुझं!"

"गाडीची वाट बघत होतो," आर्वो म्हणाला.

"कसली गाडी?"

"खनिजाची. खालून जाते ना रुळांवरून. तिचा घरघराट खडकातून वर येतो आणि सुईत शिरतो. बारीक, चेलोच्या खाली. तुझ्या स्प्रिंगांत ती येत नाही. आधी तिन्ही वेळा गाडी जात होती, या वेळी वाट बघावी लागली."

मग स्टॅन हसत सुटला. "म्हणजे तुझा दगड गाडी वर आणतो आणि माझं यंत्र ती अडवतं! अरे मग चांगलं कुणाचं?"

"तुझंच स्वच्छ आहे," आर्वो म्हणाला. "आहेच मुळी. पहिल्या वर्षीच कळलं होतं मला."

"मग वीस हिवाळे माझं डोकं का खाल्लंस?"

"मला आवडते ती गाडी," आर्वो म्हणाला. "सगळं गप्प झालं की करमत नाही."

पांघरूण बाजूला झालं. लेम्पी स्टुलावरून उठली होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला सांगत राहिलास की सुईला शांतता लागते. त्या शांततेसाठी मी कपडे तुंबवून ठेवले. चवड्यांवर चालले. या दगडासाठी मी चर्चजवळचं घर सोडलं, गाणं सोडलं. आणि इथे शांतता नव्हतीच."

"पण पैज मी जिंकलो, लेम्पी," आर्वो गोंधळून म्हणाला. "तूच सांगितलंस बरोबर म्हणून."

"हो. तू जिंकलास. पैज तुझी आणि स्टॅनची होती. मी कुणाच्या हातात हात दिला नव्हता."

हॅल्वर वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. खरं म्हणजे त्या सुटलेल्याच होत्या.

लेम्पी जिना चढून वर गेली. तिला वेळ लागला, आणि खाली तिघे तिच्या प्रत्येक पावलाचा आवाज ऐकत उभे राहिले. वर तिने भिंतीवरचा फोन उचलला.

"मर्ना, लेम्पी बोलतेय. जागा मी घेते."

"देवाची कृपा! पण चावी तुला स्वतः येऊन घ्यावी लागेल गं, आजच. दोघांची नावं घालू ना?"

आर्वो जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा होता. घडी न घातलेलं पांघरूण हातात तसंच. लेम्पीने त्याच्याकडे पाहिलं, बरंच थांबून पाहिलं. तो पांघरुणाची घडी घालायला लागला.

"माझं घाल," ती म्हणाली. "त्याचं तो सांगेल."

तिने कोट घातला. स्टॅन पुढे झाला, पण बाहेरच्या पायऱ्या बघून तोही थबकला. उभ्याने उतरण्याची सोयच नव्हती. लेम्पीने जरा विचार केला आणि पहिल्या पायरीवर सरळ बसली. पोरं घसरगुंडीवर बसतात तशी.

"अगं, काय करतेस!" आर्वो ओरडला.

"उतरतेय."

ती एक पायरी सरकली. मग दुसरी. स्टॅन तिच्या पुढे उलटा उतरत होता, दोन्ही हात पसरून. आणि मागून आर्वो डोकं उघडं, अंगात नुसता स्वेटर, तसाच आला. त्याने तिच्या कोटाचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

"हळू," तो म्हणत होता. "डावीकडे बर्फ आहे. हळू, लेम्पी. थांब, मी धरलंय."

समोरच्या घरातली बाई खिडकीत येऊन बघत होती. लेम्पीने तिला हात केला. मधल्या पायरीवर ती दम खायला थांबली, तेव्हा मागे आर्वोचाही श्वास लागलेला तिला ऐकू आला. मग ती पुन्हा सरकली आणि तोही पट्टा न सोडता एक पायरी खाली आला.

खाली पोचेपर्यंत तिचा कोट मागून भिजून गेला होता. स्टॅनने आपल्या पिकअपचं दार उघडून तिला वर चढवलं. आर्वो दाराशी उभा होता. आत तिच्याशेजारी जागा होती. तो तिथे बसला नाही.

"चावी घेतलीस की परत येशील ना?" त्याने विचारलं.

"येईन," लेम्पी म्हणाली. "कपडे न्यायला."

आर्वोने मान हलवली. मग वाकून तिच्या कोटाचं बाहेर राहिलेलं टोक आत सारलं आणि दार लावून घेतलं.