बर्फात आलेला तुकडा

दुष्काळाच्या त्या वैशाखात माझ्या टेबलावर बर्फ आला. गावातले नळ कधीचे कोरडे पडले होते, प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या धुवायलाही आम्ही टँकरची वाट पाहत बसायचो, आणि अशात एक माणूस दुधाची किटली दोन्ही हातांनी छातीशी धरून दारात उभा राहिला. किटलीवर थेंब जमले होते. तिला गुंडाळलेल्या ओल्या गोणपाटाच्या वासात दुधाचा जुना, किंचित आंबूस वास मिसळला होता. तलखीने करपलेल्या त्या दुपारी तो गारवा इतका हवाहवासा वाटला, की आत काय आहे हे विचारण्याआधीच मी तळवे किटलीला लावले.

आत बर्फ होता, बर्फात मीठ होतं आणि मधोमध एका लहानशा बाटलीत त्याच्या बायकोच्या गालाच्या आतून काढलेला तुकडा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बाटलीतलं औषधी पाणी मात्र गायब होतं.

"ते कुठं गेलं?" मी विचारलं.

"फेकलं की, मॅडम," तो मोठ्या अभिमानानं म्हणाला. "फॉर्मलीन हुतं ते, वासावरनंच वळखलं म्या. आमच्या डेरीत कुनी दुधात ते घातलं तर आमी आक्खा कॅन ओतून देतो. असल्या वंगाळ पान्यात आमच्या मंडळीचा तुकडा कसा ठिवायचा?"

मी कपाळाला हात लावला.

भगवानराव वडवणीकडच्या एका खेड्यातल्या सहकारी दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध तपासून घ्यायचे. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणबाईंनी, लग्नाआधीपासून दातांना तंबाखूची मिश्री लावलेली. गालाच्या आत एक पांढरा चट्टा उठला होता आणि तो जाता जात नव्हता. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी त्याचा तुकडा काढला, तो टिकावा म्हणून फॉर्मलीनमध्ये घातला आणि बजावलं, लगेच पोचवा, खराब होऊ देऊ नका. नेमकी त्या दिवशी एसटी आलीच नाही. मग नासणारी वस्तू उन्हाळ्यात कशी टिकवायची हे ज्या माणसाला आयुष्यभराच्या कामानं शिकवलं होतं, त्यानं आपल्या शिकवणीप्रमाणं केलं. भेसळ ओतून दिली, माल बर्फात ठेवला, गारठा वाढावा म्हणून वर मीठ घातलं. चुकलं कुठं म्हणायचं? दुधाच्या बाबतीत कुठंच नाही.

पण मांस म्हणजे दूध नव्हे. पेशींमधलं पाणी गोठलं की त्याचे सूक्ष्म खडे होतात आणि ते पेशींना आतून फाडतात. तरीही मी त्या तुकड्याचे पातळ काप काढले, रंगवले, आशेनं सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जिथं जांभळ्या केंद्रकांची दाट वस्ती दिसायला हवी होती तिथं वाळवीनं खाल्लेल्या दारासारखी नुसती भोकं होती. कर्करोग आहे म्हणावं तर आधार नाही, नाही म्हणावं तर छाती होत नाही. मी पट्टी पुढं-मागं सरकवत राहिले, भिंगं बदलत राहिले. मान अवघडली, चहा निवला, आणि त्या काचेतून एक अक्षर बाहेर पडलं नाही.

तेव्हा मी एका शोधनिबंधानं झपाटलेली होते. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या तोंडातले पांढरे चट्टे कर्करोगाकडे वळताना पेशींच्या रचनेत अगदी आरंभी काय बदलतं, हे टिपण्याचा तो प्रयत्न होता. निबंध छापायला घेण्याआधी परीक्षकांनी माझं वाक्य न् वाक्य सोलून पाहिलं. 'बहुधा' लिहिलं तर का, 'निश्चित' लिहिलं तर पुरावा कुठाय. मला ती शिस्त आवडते, खोटं कशाला बोलू? तिच्याच आधारानं मी उभी असते. त्या शिस्तीप्रमाणं रुक्मिणबाईंचा तुकडा 'तपासणीस अयोग्य नमुने वगळले' या एका सपाट वाक्यात जाऊन बसला. निबंधाचं काम भागलं, माझं भागेना.

दुसरा तुकडा काढावा लागेल, बायकोला घेऊन या, असं मी भगवानरावांना त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली, रिकामी किटली उचलली आणि गेले ते गेलेच. आठवडे उलटले. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडून वाळून गेला, वावटळी उठायच्या, धूळ खिडकीच्या फटींतून येऊन सूक्ष्मदर्शकावर बसायची. दारात पाऊल वाजलं की मी मान वर करायची आणि दुसऱ्याच कुणाचा नमुना हातात घ्यायची. शेवटी माझं मलाच सहन होईना. एका रविवारी जीप केली आणि निघाले.

रुक्मिणबाई घरी नव्हत्या. सहकारी साखर कारखान्यानं माळावर चारा छावणी उघडली होती. तिथं त्या म्हशी घेऊन मुक्कामाला होत्या. ज्वारीच्या बाटुकाच्या आणि उसाच्या तुकड्यांचा गोडसर वास, शेणाचा उग्र वास, आणि पत्र्याच्या त्या सावलीत, जनावरांच्या उच्छ्वासांत, ठेंगण्या बांध्याची ती बाई माझ्याकडे बघून बुचकळ्यात पडली.

"तुकडा दिला की त्यो! परत कावून?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. आपल्या हातानं तो नासला हे सांगायला त्याची जीभ रेटली नसावी. मी झाला प्रकार सांगितला. भगवानराव दावणीपाशी खाली बघत उभे. मला वाटलं, आता भडका उडणार. पण रुक्मिणबाईंना आधी हसूच आलं, पदर तोंडाशी गेला.

"अगं बया! दुधावानी जपलं म्हना की मला," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "आता म्हशीकडं तुमी बगा. मी जाते बाईंसंगं."

दुसरा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत फॉर्मलीनमध्ये पडला. काप निघाले, रंग चढला, आणि या वेळी काच घडाघडा बोलली. वेड्यावाकड्या पेशी आपली हद्द ओलांडून खालच्या थरात उतरल्या होत्या. फार खोल नव्हे, पण उतरल्या होत्या. ज्या आरंभाच्या शोधात मी इतके दिवस डोळे फोडत होते तो हाच का, की आरंभ मागेच, त्या बर्फात, निघून गेला होता? अहवाल पाठवून देणं हा रिवाज होता. मी तो बॅगेत घातला आणि पुन्हा छावणीची वाट धरली.

मी जीपमधून उतरत असताना रुक्मिणबाईंनी मला पाहिलं. त्यांच्या हातातली बादली खाली आली.

"तुमी सोता आल्या. म्हंजी हाय ते," त्या म्हणाल्या.

मी वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी वाऱ्यावर गेली. "आहे," एवढंच म्हणाले. "पण ऑपरेशन होईल. लगेच करायचं."

"बसा. जनावरांस्नी पानी दाखवते, मंग बोलू." टँकर येऊन उभा होता आणि पाळी चुकली तर म्हशी तहानेल्या राहिल्या असत्या. मी चाऱ्याच्या पेंढीवर बसले. त्या बादली उचलून टँकरकडे गेल्या.

निघताना भगवानराव जीपपर्यंत आले. इकडे-तिकडे पाहिलं, टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, एक इचारू का? म्या ते बरफात ठिवलं नसतं तर आदीच कळलं असतं. ह्या मदल्या दिसांचा काई फरक पडला का?"

त्या आठवड्यांत त्या पेशी किती उतरल्या, हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक असणार नव्हतं. पहिल्या तुकड्यानं काही सांगितलंच नव्हतं. 'सांगता येत नाही' हे प्रामाणिक उत्तर होतं. ते ओठांवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "काहीसुद्धा फरक पडला नाही."

त्या माणसानं असा श्वास सोडला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

शस्त्रक्रिया झाली. रुक्मिणबाई आहेत, एक गाल आत गेलाय, तोंड पुरतं उघडत नाही, भाकरी दुधात कुस्करून खातात. तपासणीला आल्या की कुठं गाठ तर नाही ना म्हणून मी त्यांची मान चाचपते आणि बोटांखाली काही नाही हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मागच्या खेपेला बाहेरच्या बाकावर कुणी नातेवाईक भगवानरावांना त्या बर्फावरून टोचत होता, तुज्यामुळंच उशीर झाला म्हणत होता. दार अर्धवट उघडं होतं. भगवानराव जराही चिडले नाहीत.

"मॅडमनी सोता सांगितलंय, फरक पडला न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "त्या उगं बोलत न्हाईत. छापून येतं त्यांचं."