अकरा मार्कांचा रस्ता

सुभेदार गाडी स्टँडला लावायच्या आत रस्त्याचे मार्क सांगायचे. हेल्मेट अजून डोक्यात, इंजिन तापलेलं, आम्ही मागून एकेक करून पोचतोय, तेवढ्यात पुढून आरोळी यायची, "बहात्तर!" नाहीतर, "एकोणपन्नास! नापास!" मार्क शंभरपैकी. पन्नासाला पास. वळणं, डांबर, नजारा आणि वाटेतला चहा बघून ते मार्क देत, पण कशाला किती हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "पेपर तपासणारा काय पोरास्नी उत्तरं सांगत फिरतो व्हय?"

त्यांच्याबद्दल गोड बोलणारे कराडात पुष्कळ सापडतील. मी त्यातला नाही. पण सात वर्षं दर रविवारी मी त्या माणसाच्या टोळीत गाडी चालवली आहे, तेव्हा खरं लिहायचा हक्क मला आहे.

सुभेदार फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. सिक्कीमपासून जैसलमेरपर्यंतचे रस्ते त्यांच्या बुडाखालून गेलेले. निवृत्त होऊन कराडजवळ कृष्णाकाठच्या गावी आले. घरचा ऊस होता, पोटाची चिंता नव्हती. माझं तसं नव्हतं. मी माण तालुक्यातला, दहिवडीच्याही पुढच्या वाडीतला. वडिलांची मेंढरं होती. सतराव्या वर्षी मी कराडला येऊन गॅरेजात गाड्या धुतल्या आणि पुढं जुन्या मोटारसायकलींचा धंदा उभा केला. तिथंच आमची पहिली भेट झाली. मी रंग मारून चकचकीत केलेली एक गाडी त्यांना दाखवत होतो. त्यांनी टाकीवर बोटाची टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "रंग बघून गाडी घेणारा आन् हुंडा बघून बायको करणारा, दोघंबी घाटात रडत्यात." दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. चौघंही निघून गेली.

मला राग आला, पण माणूस ओळखता येतो मला. पुढच्या रविवारी मी माझी जुनी येझदी घेऊन त्यांच्या टोळीत हजर झालो. आम्ही सातजण होतो. सुभेदार सगळ्यांत पुढं, मी सगळ्यांत शेवटी. "मेंढक्यानं कळपाच्या मागंच चालायचं असतं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि सगळे खो खो हसले. तेव्हापासून मेंढक्या हेच माझं नाव पडलं. सहा वर्षं मी सहा जणांचा धूर खाल्ला.

त्यांच्या लेखी दोन जिल्ह्यांत बघण्यासारखं काय ते पश्चिमेला. पाटणवरून कोयनेकडं आणि तिथून कुंभार्लीचा घाट, याला एक्क्याण्णव. ठोसेघरवरून पवनचक्क्यांच्या पठारावर, चौऱ्याऐंशी. शिराळ्याकडून चांदोलीला अठ्ठ्याहत्तर, आणि वर शेरा, "चांदोली सांगलीच्या वाट्याला आली म्हणून, न्हाईतर आख्खा जिल्हा एका वर्गात दोनदा बसला असता." कासला मात्र ते गाडी काढतच नसत. "फुलं बघायला यष्टीनं जावं. गाडी वळणं बघायला असती." इस्लामपूर-पलूसकडच्या उसातल्या रस्त्याला चाळीस. "दोन्ही अंगाला ऊस. बोगद्यातनं गेल्यागत. मालकाला बरं वाटतं, रायडरला न्हाई." त्यांच्या स्वतःच्या शेताच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याला त्यांनी अडतीस दिले होते. हे मी त्यांच्या बाजूनं लिहितोय, नोंद घ्यावी.

पूर्वेचं, म्हणजे माझ्या माणकडचं, नाव काढलं की ते तोंड वाकडं करायचे. मी भांडायचो. मायणीच्या पुढं ट्रक नाही, वर्दळ नाही. थंडीत शाळूच्या कणसांवर ऊन पडलं की वीस मैलांचा मुलूख एका नजरेत दिसतो. पाऊस दुसऱ्या गावावर पडताना दिसतो आणि आपण कोरडे असतो. एवढं आभाळ कोयनेच्या खोऱ्यात कुठं मिळणार?

"आभाळ बघायला गाडी कशाला लागती रं?" सुभेदार म्हणायचे. "अंगणात बाज टाक आन् उताणा पड."

"आवं, पण मोकळा रस्ता—"

"मोकळा न्हवं, रिकामा. पाटणच्या पुढं वळण तुला इचारतं, येतोस का? तुझ्या माणातला रस्ता इचारतो, झोपतोस का?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. पण सुभेदारांचे मार्क टोळीपुरते राहिले नव्हते. ते फोनवर बोलून पाठवायचे आणि ते बोलणं पुण्यापासून बेळगावपर्यंत फिरायचं. शनिवार आला की अनोळखी पोरं त्यांना विचारायची, उद्या कुठं जाऊ? त्यांनी सत्तरच्या वर मार्क दिलेल्या रस्त्यावर पुढच्या रविवारी पन्नास गाड्या दिसायच्या. कोयनेच्या वाटेवरच्या एका म्हातारीची चहाची टपरी अशीच त्यांच्या एका वाक्यावर पत्र्याची झाली, मग सिमेंटची.

माझा थोरला भाऊ बिरू मुंबईत हमाली करायचा. कंबर गेली तेव्हा तो परत आला. आमची चार एकर बरड जमीन रस्त्याला लागून होती. मी तिथं त्याला शेड टाकून दिलं. वहिनीच्या हातचं मटण, बाजरीची भाकरी, बसायला घोंगड्या. गाड्यावाले आले तर भाऊ गावात राहणार होता, नाही आले तर परत मुंबईला. इतका साधा हिशोब होता तो. मी सुभेदारांना हात जोडून नेलं. माझ्या सात वर्षांच्या ओळखीत मी हात जोडलेला तो एकमेव प्रसंग.

जाण्याआधी मी त्यांना म्हणालो होतो, "तुमच्या बुलेटचं इंजिन आवाज करतंय. सगळं खोलून करून देतो, एक रुपाया नको."

"आन् मला काय करायचं?"

"काय न्हाई. जरा मन मोठं ठेवा."

"बोर्डरवर एका मेजरनं मला म्हटलं हुतं, रस्ता बंद हाय असं लिहून दे. मी म्हणालो, साब, रास्ता खुला है. त्यो मेजर होता. तू कोण?"

बिरूच्या शेडात ते पोटभर जेवले. तीन भाकऱ्या. वहिनीला म्हणाले, "वयनी, असं मटण मी फौज सोडल्यापासनं खाल्लं न्हाई." बिरूचा चेहरा उजळला. मग हात धुता धुता त्यांनी सगळ्यांसमोर फोन तोंडाशी धरला. "मायणी-दहिवडी आन् फुडं. मटणाला नव्वद. रस्त्याला अकरा. मटण खायचं आसंल तर जीपनं या, गाडीला शिक्षा देऊ नका."

टोळी हसली. बिरूही हसला, कारण त्याला अकरा म्हणजे काय हे कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

जीपनं कोणी आलं नाही. आठ महिन्यांनी बिरू वाकलेली कंबर घेऊन मुंबईला परत गेला आणि आता एका इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. रस्ता आडबाजूचा होता, गिऱ्हाईक तसंही कमीच आलं असतं, असं माझी बायको म्हणते. ती म्हणू दे. मी धंद्यातला माणूस आहे. पन्नास अनोळखी गाड्या एका माणसाच्या जिभेवर फिरताना मी डोळ्यांनी बघितल्या आहेत.

मी टोळी सोडली नाही. राग धरायचा तर माणसाजवळ राहूनच धरावा लागतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी सुभेदार म्हणाले, "मेंढक्या, आजपासनं तू फुडं." मला वाटलं, पश्चात्ताप झाला. सहा वर्षांनी कळपाच्या पुढं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, तिनं गोडाचं केलं. वर्षभर मी पुढं चाललो आणि सुभेदार माझ्या मागच्या चाकाला चिकटून. छाती फुगवून चालवायचो मी. मग एके दिवशी पाटणच्या अलीकडं मी एका थांबलेल्या ट्रॉलीला वळसा घातला आणि मागून धडाका ऐकू आला. सुभेदार सरळ ट्रॉलीत गेले होते. रस्ता रुंद होता, ऊन स्वच्छ होतं. पाय तीन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पायाच्या आधी डोळे तपासले. काचबिंदू. दीड वर्षापासून नजर जात होती आणि या माणसानं बायकोलाही कळू दिलं नव्हतं. माझ्या येझदीचे दोन सायलेन्सर टोळीत सगळ्यांत मोठ्यानं वाजायचे. मला पुढं घातलं ते त्या आवाजामागं गाडी हाकायला. माझ्यासाठी नव्हे.

टोळी पहिला महिनाभर फळं घेऊन जात राहिली. नंतर कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाच्या उसाला तोड आली. सहा महिन्यांनी काकींचा, म्हणजे सुभेदारांच्या बायकोचा, मला फोन आला. "तुमालाच बोलवत्यात. एकदा मागं बसवून कोयनेला न्या म्हणत्यात. आता दिसत कायच न्हाई त्यास्नी."

मी गेलो. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच महिन्यात ते वारले, आणि मातीला मी गेलो नाही.

ओसरीवर खाटेवर बसले होते. अंगावर रायडिंगचं जाकीट, पायात बूट. सकाळपासून घालून बसले होते, असं काकी म्हणाल्या. काकींनी चहा दिला.

"मीच का?" मी विचारलं. "बाकी पाच जण हायती की."

"ते मला पेशंटागत न्हेत्यात. ईस-पंचवीसनं. तुझ्या पोटात राग हाय. तू पळवशील."

"पळवीन की. पण फोनवर एक बोलून पाठवायचं. दहिवडीचा रस्ता, साठ."

काकी आत गेल्या. सुभेदारांनी कप खाली ठेवला. "अकरा."

"पन्नास. नुसतं पास करा."

"अकरा हाय त्यो."

"पस्तीस! आवं, तुमाला आता घाट काय आन् माळ काय, दोन्ही सारखाच अंधार. मी दहिवडीला न्हेऊन कोयना म्हणून सांगितलं तरी काय करणार तुमी?"

हे मी बोललो. शब्द न बदलता लिहिलं आहे. सुभेदार हसले. "तू तेबी करशील. पण मार्क अकराच पडतील."

मी उठलो.

आमच्या धंद्यात सौदा मोडून उठण्याची एक पद्धत आहे. समोरच्याला हाक मारायला वेळ द्यायचा असतो, पण आपण थांबलोय हे दिसू द्यायचं नसतं. म्हणून गाडी दारात यायच्या आधीच पेट्रोलचा कॉक बंद करायचा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. निघताना किक मारत राहायचं. गाडी सुरू होत नाही, आपण वैतागल्यासारखं करतो, आणि तिसऱ्या-चौथ्या किकेला आतून हाक येते. वीस वर्षांत मला हाक आली नाही असं फार कमी वेळा झालं आहे. त्या दिवशी मी सुभेदारांच्या घराच्या अलीकडच्या वळणावरच कॉक बंद करून आलो होतो.

हेल्मेट घातलं. किक मारली. दुसरी मारली. तिसरी. ओसरीवर ते जाकीट घालून ताठ बसले होते, तोंड माझ्या दिशेला. चौथी किक. वीस मार्कांवरही मी ऐकलं असतं, खरं सांगतो. पाचवी.

"मेंढक्या," ओसरीवरून हाक आली. माझा पाय वरच्या वर थांबला.

"कॉक उघड. मग सुरू हुईल."