बसायचं पाणी

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची धनगरवस्ती. वस्तीखाली रस्ता, रस्त्याखाली उतार आणि उताराच्या पायथ्याशी धरणाचं पाणी. याच धरणानं आमची भाताची खाचरं गिळली, तेव्हा आबा म्हणाले होते, "जाऊ द्या, म्हसरांस्नी बसायला तरी पाणी झालं." माझ्या वडिलांचा स्वभावच असा. घर पेटलं तरी शेकायला जाळ मिळाला म्हणतील.

म्हशीला नुसतं प्यायचं पाणी पुरत नाही. उन्हं चढली की तिला पाण्यात बसावं लागतं, नाहीतर ती तापते, धापा टाकते आणि दुधाला आटते. आमच्या चार म्हशींना दुपारी कधी हाकावं लागलं नाही. मोठ्या शिंगांची म्हातारी पुढं आणि बाकीच्या मागं, अशा त्या आपापल्या रस्ता ओलांडून उताराला लागायच्या. एसटीचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी थांबायचा. आमच्यासाठी थांबेलच याची मात्र खात्री नसायची.

आमच्यात एक रीत आहे. पाणी कुठं आहे असं कुणी विचारलं, तर नाही म्हणायचं नाही आणि नुसतं बोटही दाखवायचं नाही. त्याला पाण्यापर्यंत नेऊन सोडायचं. एका चैत्रात मोटारीतून एक शहरी गृहस्थ उतरले आणि त्यांनी आबांना विचारलं, "धरण आटलं तरी पाणी कुठे राहतं हो?" आबांना कोण आनंद! म्हशींच्या वाटेनं ते त्यांना खाली घेऊन गेले, वैशाखातही छातीभर पाणी राहतं तो कोपरा दाखवला आणि वर आणून ताक पाजलं. ताकात मीठ जरा जास्त झालं, म्हणून आई दिवसभर हळहळत होती.

पुढच्या वर्षी नेमका तोच उतार त्या गृहस्थांनी विकत घेतला. जमीन खालच्या गावातल्या एका कुटुंबाची होती. त्यांची त्यांनी विकली, त्यांना काय बोलायचं? पण जमिनीबरोबर वाटही जाते, हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं. रस्त्याकडेनं भिंत उठली, पार पाण्यापर्यंत तारेचं कुंपण गेलं आणि फाटकावर 'खासगी जागा, आत येऊ नये' अशी पाटी लागली. दोन्ही बाजूंचे उतार तर आधीच असे बंद झाले होते. मी भोरला कचेरीत जाऊन विचारलं. तिथं कळलं, की पाणी सगळ्यांचं आहे, पण तिथं जायची वाट नकाशात नाही. म्हणजे जेवायला या, पण दार उघडणार नाही. मी तणतणत परत आलो.

म्हशींना पाटी वाचता येत नव्हती. त्या रोज दुपारी फाटकासमोर जाऊन उभ्या राहायच्या. राखणदार शेजारच्याच गावचा होता. आईनं त्याला विनवलं, "घटकाभर सोड रं बाबा. बसत्याल आन् माघारी येत्याल."

"मावशे, मला का कळत न्हाई? माझ्या घरी पण म्हशी व्हत्या. पर वर क्यामेरा हाय. नोकरी जाईल माजी."

"व्हत्या म्हंजी?"

"इकल्या," तो म्हणाला.

मालकांनी मोठं मन करून फाटकाबाहेर सिमेंटची टाकी बांधून दिली. म्हशी प्यायल्या आणि पुन्हा फाटकाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आबा कळशीनं त्यांच्या पाठीवर पाणी ओतत राहिले. मला त्या गृहस्थांचा राग यायचा, पण त्याहून जास्त आबांचा यायचा. एकदा मी बोललोच, "तुमीच दावलंत न्हवं त्यांना?"

"दावलं," आबा म्हणाले. "उद्या कुणी इचारलं तर पुन्यांदा दावीन. पाणी काय दडवायची चीज हाय व्हय?"

त्यांना दाखवायला आता पाणीच उरलेलं नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

त्या उन्हाळ्यात म्हातारी म्हैस फाटकापाशीच बसली. आम्ही शेपटी पिळली, दोर लावून ओढलं, पण ती उठली नाही. उरलेल्या तिघींचं दूध पार आटलं. शेवटी आई म्हणाली, "इकून टाका. माझ्याच्यानं बघवत न्हाई." व्यापाऱ्याचा टेम्पो आला. म्हशी मुकाट चढल्या, याचंच मला जास्त वाईट वाटलं. आबा आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो.

टेम्पो रस्त्याला लागला आणि भिंतीच्या कडेनं निघाला. फाटकापाशी येताच तो एकाएकी कलला. मागं तिन्ही म्हशी खुरं आपटत पाण्याच्या अंगाला सरकल्या होत्या आणि फळीवर अंग टाकून रेटा देत होत्या. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला.

"काय झालं ओ ह्यांस्नी?"

आबांनी समोरच्या काचेवरून नजर काढली नाही.

"काय न्हाई," ते म्हणाले. "उतरायची जागा हाय त्यांची. तू थांबू नगंस, चल."