नानांचा न धुतलेला टॉवेल

नाना गेले, आणि मला सगळ्यात आधी आठवलं ते एका मांजरीचं टक्कल पडलेलं पोट.

हे बरोबर नाही, माहीत आहे. पण आठवण काय आपल्याला विचारून येते?

नाना म्हणजे शिरवणे गावातले आमचे घरमालक. बाबा साताऱ्याहून मार्केटला हमालीला आले, तेव्हापासून आम्ही नानांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. मनी तिथलीच. जन्म नानांच्या ओट्याखाली, जेवण दोन्ही घरी. ती नक्की कोणाची, हा प्रश्न कधी कुणी काढलाच नाही.

मग नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, चकचकीत टाइल्स. मी दहा वर्षांची.

मनीला मी पिशवीत घालून घेऊन आले. नानांना विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच डोक्यात आलं नाही.

महिन्याभरात मनीने स्वतःचं पोट चाटून चाटून गुळगुळीत केलं. मग मांड्या. दातांनी केस उपटायची. कॉटखालून झाडू फिरवला की केसांचे पुंजके निघायचे.

आई म्हणाली, "खरूज हाय ही. पोरांना लागंल."

तिने मनीला करंजाचं तेल चोपडलं. मनीने तेही चाटलं आणि नव्या टाइल्सवर ओकली.

मी पेपरची गुंडाळी घेऊन बसायचे. चाटली की फटका. मग ती कपाटामागे जाऊन चाटायला लागली.

मला वाटलं, सुधारली! एवढी माझी अक्कल.

एक दिवस नाना आले. खांद्यावर नेहमीचा टॉवेल, गुडघे धरत तीन जिने चढलेले. चहा बाजूला ठेवून त्यांनी आधी मनीला मांडीवर घेतलं आणि पोटावरून उलटा हात फिरवला.

"केस झडले नाय. तोडलेत. हात लाव, खुंट लागतान."

मी हात लावला. बाबांच्या दोन दिवसांच्या दाढीसारखं खरखरीत.

मग त्यांनी आईकडे उवांची फणी मागितली. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला! फणीत दोन पिसवा निघाल्या.

"पिसवा हायत. पन निसत्या पिसवांनी एवरा होत नाय. हिचा जीव थाऱ्यावर नाय. मना दे चार दिवस, घरी नेतो."

आणि मी बोलले.

"तुमची जमीन गेली म्हणून आता आमची मांजर घेणार का?"

नव्या शहरासाठी सरकारने नानांची शेती घेतली होती, त्यावरून घरात मोठ्यांच्या तोंडून अर्धवट ऐकलेलं वाक्य. ते आत कुठे जाऊन लागतं, याची मला काहीच कल्पना नव्हती. आईने पाठीत सणसणीत धपाटा घातला. नानांनी मनीला मांडीवरून खाली ठेवलं. चहा अर्धा ठेवून उठले.

वाटलं, आता हा माणूस आमच्या दारात येत नाही.

तीन दिवसांनी परत आले. मनी त्यांच्या ओट्याखाली ज्या गोणपाटावर झोपायची, ते घेऊन. कपाटामागे तिच्यासाठी एक खोकं ठेवलं, त्यात ते अंथरलं. मला म्हणाले, "पेपर दाखवू नको तिला. खायाला रोज त्याच टायमाला दे."

नाना जिना उतरले आणि आईने ते गोणपाट उचललं. सुकटीचा वास येत होता ना! साबणात भिजवलं, ब्रशने घासलं, गॅलरीत वाळवलं, घडी घालून परत खोक्यात ठेवलं.

मनीने हुंगलं. तोंड फिरवलं.

पुढच्या खेपेला नानांनी हे पाहिलं आणि डोक्यालाच हात लावला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून खोक्यात टाकला.

"ह्यो धवू नको हां, बाय."

आईने नाक मुरडलं, पण धुतला नाही.

दिवाळीपर्यंत मनीच्या पोटावर लव आली.

कशाने, ते मला आजही सांगता येत नाही. पिसवा गेल्या म्हणून? तेल बंद झालं म्हणून? माझी गुंडाळी थांबली म्हणून? की टॉवेल?

मागच्या महिन्यात आम्ही घर बदललं आणि माझ्या आताच्या मांजरीने हेच सुरू केलं. डॉक्टर म्हणाल्या, आधी पिसवा, अ‍ॅलर्जी, कुठे दुखतंय का ते बघू. मग विचारलं, घरात काय बदललं? ओरडू नका, लपायला जागा द्या, तिच्या वासाचं अंथरूण धुऊ नका.

मी क्लिनिकमध्ये येड्यासारखी रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं, मांजरीचं टेन्शन आहे.

ठरवलं होतं, नानांना जाऊन सांगायचं. माफीही मागायची राहिली होती, इतकी वर्षं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ.

आज सकाळी मेसेज आला.

दुपारी शिरवण्याला जाऊन आले. नानांच्या सूनबाई माझ्याशेजारी बसल्या. मी मनीचा विषय काढला, तर रडता रडता हसल्या.

"तुमी गेल्यावर नाना किती महिने ओट्यावर बोंबलाची मुंडकी ठेवाचे. आमी हसाचो. म्हनाचे, येल ती."

म्हणजे नानांना मनी हवी होती.

म्हणजे मी दहा वर्षांची असताना जे बोलले, ते खोटं नव्हतं. आणि तरी माझं इतकं चुकलं होतं.

एकीकडे हा माणूस रोज तिची वाट बघत होता. दुसरीकडे तिला आमच्याकडे करमावं म्हणून गुडघे धरत तीन जिने चढत होता. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, मला कळत नाही. दुपारपासून तेवढाच विचार करतेय.

नाना, मला माफ करा. श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत, म्हणून फक्त एक सांगते.

मनी पुढे नऊ वर्षं जगली. शेवटपर्यंत तुमच्या टॉवेलवरच झोपली.

आम्ही तो कधीच धुतला नाही.